घरात माणसं किती?

सार्वजनिक आरोग्याच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या त्या मुलीला अख्खा वर्ग 'टक्का' म्हणायचा. कारण टक्केवारीशिवाय तिचं पानच हलत नसे. कॅन्टीनचा चहा आज साठ टक्केच गरम! मैत्रिणीचं प्रेमप्रकरण टिकण्याची शक्यता बारा टक्के! (ते अकरा दिवसांत मोडलं आणि मैत्रिणीने टक्काशी महिनाभर अबोला धरला.)

तर घरोघरी जाऊन आरोग्याचं सर्वेक्षण करायची वेळ आली, तेव्हा टक्का बाह्या सरसावूनच निघाली.

"वीस घरं, दोन दिवस!" ती वर्गाच्या मॅडमना म्हणाली. "लोकांना बोलतं करायला कान लागतो, मॅडम. माझ्या फॉर्ममध्ये एक चूक सापडणार नाही तुम्हाला!"

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

पहिली अकरा घरं झरझर झाली. फक्त एका बाईंनी, जेवणाआधी हात धुता का असं विचारल्यावर, "आधी तुझे दाखव!" म्हणून टक्कालाच नळावर पाठवलं.

बारावं घर एका म्हाताऱ्या शिंप्याचं. पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला कापडाचे तुकडे, आणि मशीनपाशी सुईत दोरा ओवत बसलेले शिंपीआजोबा.

"घरात माणसं किती, आजोबा?"

दोरा हुकला. "दोघं," ते म्हणाले. "मी आणि ही."

"आजींची तब्येत कशी असते?"

आजोबांनी सुई खाली ठेवली. उठून खुर्ची ओढली, बाहीनं पुसली. "बस ना. निवांत बस."

आणि मग ते जे सुरू झाले! हिला बीपी, नऊ वर्षांपासून. गोळी आपण हातावर ठेवायची आणि पाठ वळली की हिनं ती कुंडीत टाकायची. कुंडीतल्या झाडाला आयुष्यात कधी बीपी झालं नाही! हिचे गुडघे, हिची झोप, हिला पावडरनं येणाऱ्या शिंका... टक्का लिहीत सुटली. चार पानं भरली. आजोबांच्या स्वतःच्या पानावर एक टिंबसुद्धा पडलं नव्हतं.

"आता गोळ्या घेतात का?"

"आता? नाही. आता नाही."

"शेवटची तपासणी कधी झाली?"

"चार महिने झाले."

"त्यानंतर दवाखान्यात नेलंच नाही?"

"त्यानंतर काय न्यायचं?"

टक्काचं पेन कागदात रुतलं. "जेवण?"

"बंदच."

"बोलतात तरी का?"

"पूर्वी मला एक शब्द बोलू द्यायची नाही. आता मी बोलतो, ती ऐकते." आजोबांनी मानेनंच आतली खोली दाखवली. दारावर पडदा होता.

टक्का ताडकन उठली. "मी आलेच!"

"अगं, पण गुडघ्यांचं अर्धंच झालंय!"

ऐकायला ती होती कुठे? आरोग्य केंद्रात ती वादळासारखी घुसली. "सिस्टर! म्हातारी बाई, चार महिने औषध नाही, अन्न बंद, वाचा बंद, आणि नवरा बाहेर बसून शिवतोय!"

सिस्टरांनी तोंडातला घास तसाच गिळला. पाच मिनिटांत दोघींना घेऊन अँब्युलन्स भोंगा वाजवत निघाली. गल्लीतली सगळी दारं उघडली. ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार स्ट्रेचर घेऊन घरात शिरले आणि ते स्ट्रेचर मशीन आणि भिंत यांच्यामध्ये असं अडकलं, की ना पुढे जाईना ना मागे येईना! "उचल!" "तू उचल!" या हिसक्यात फळीवरचा बटणांचा डबा खाली आला. शेकडो बटणं फरशीवर धावत सुटली. सिस्टरांचा पाय घसरला, त्यांनी आधाराला पडदा धरला आणि पडद्यासकट खाली बसल्या!

आतली खोली उघडी पडली. पलंगावरची चादर एक सुरकुती नसलेली. उशीवर घडी घातलेला चष्मा. स्टुलावर एका बाईंचा फोटो.

खिडकीतून शेजारीण ओरडली, "अहो, न्यायला कुणाला आलात? आमच्या काकू जाऊन चार महिने झाले!"

बाहेर भोंगा अजून बोंबलतच होता. शेवटी ड्रायव्हर मान खाली घालून गेला आणि तो बंद करून आला.

टक्कानं हातातल्या फॉर्मकडे पाहिलं. "आजोबा... तुम्ही दोघं म्हणालात."

"म्हणालो खरं." आजोबा फरशीवर बसून बटणं वेचत होते. "चार महिने जो येतो तो मलाच विचारतो. जेवलात का, झोप लागते का. हिचं नाव काढलं की लोक विषय बदलतात. तू सरळ विचारलंस, आजींची तब्येत कशी असते. मला वाटलं, विचारतेय तर सांगू या." ते थांबले. "चुकलंच माझं. एवढ्या लोकांना धावायला लावलं."

टक्काही खाली बसून बटणं गोळा करू लागली.

सिस्टरांनी फरशीवर बसल्या बसल्याच बीपीचं यंत्र काढलं. "हात पुढे करा, काका." एकदा पाहिलं. पुन्हा पाहिलं. "मुली, यांचं पान बघू."

टक्कानं कोरं पान पुढे केलं.

"एकशे ब्याण्णव," सिस्टर म्हणाल्या. "लिही."

आजोबांना नेलं. स्ट्रेचरवर झोपायला ते काही तयार होईनात, म्हणून ड्रायव्हरशेजारी बसले. त्यांनी दाराची किल्ली टक्काच्या हातात ठेवली. ते दिसेनासे होईपर्यंत तिनं रडू आवरलं. मग शेजारणीच्या पदरात तोंड खुपसून ती शंभर टक्के रडली.

मॅडमनी फॉर्म पाहिला. "मृत व्यक्तीची चार पानं? नवा भर. हा फाडून टाक."

टक्कानं नवा भरला. जुना मात्र तिच्याच्यानं फाडवेना. आजोबा घरी परतल्यावर ती तो घेऊन त्यांच्याकडे गेली. "तुम्हाला हवा असेल तर ठेवा," ती कशीबशी म्हणाली.

आजोबांनी चष्मा लावला. एकेका ओळीवर बोट ठेवत चारही पानं वाचली. मध्येच दोनदा चष्मा काढून पुसला. टक्का वाट पाहत बसली होती. आता काहीतरी बोलतील, जन्मभर लक्षात राहील असं!

आजोबांनी वर पाहिलं.

"हे काय लिहिलंयस? 'चिडचिड होते का? नाही'?"

"तुम्हीच सांगितलंत, आजोबा."

"मग साफ खोटं सांगितलं! भयंकर चिडायची. काप ते. आणि अक्षर जरा नीट काढ, हिला गिचमिड चालत नाही."