पाच लिटरचा गुरुवार

बाळारामदादा भोईर एकाच पायात चप्पल घालायचे. डाव्या. उजवा पाय बारा महिने अनवाणी. राहनाळहून भिवंडीपर्यंत ते रोज असेच चालत यायचे, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं की बिचाऱ्याची एक चप्पल कुत्र्याने पळवली असावी. मलाही तसंच वाटलं होतं. मी हळहळून विचारलं, तर त्यांनी माझीच कीव केल्यासारखं पाहिलं.

"कंपौंडर, या पायानं मी एक्सलेटर दाबतो. त्याला चप्पल घातली का त्यो बहिरा हुतो."

मी तेव्हा भिवंडीत एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो आणि बाळारामदादा बाईंच्या जुन्या अँबॅसिडरचे ड्रायव्हर. वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने काटकुळे, मिशा मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. बाई त्यांना दर पावसाळ्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायच्या आणि देता देता चपलेवरून यथेच्छ बोलून घ्यायच्या. डावी चप्पल झिजली की जोडच नवा घ्यावा लागे, त्यामुळे त्यांच्या घरी भिंतीशी कोऱ्या करकरीत उजव्या चपलांची रांग लागली होती. एका पायाच्या पलटणीला पुरल्या असत्या.

"पेट्रोल टाकीत न्हाय, पायात हाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. दिवसातून चार वेळा तरी ऐकावं लागे. बाकीचे ड्रायव्हर गाडी हाताने चालवतात, दादा तळपायाने चालवायचे. गाडी एका लयीत लागली की ते डोळे किलकिले करून मान डोलवत, आणि अशा वेळी कुणी बोललेलं त्यांना खपत नसे.

ब्रेकचा त्यांना भारी राग. "आदी पेट्रोल जाळून गारी पळवाची, मंग ब्रेक मारून ती थांबवाची. मंग पळवलीस कशाला?" ब्रेक लागू नये म्हणून त्यांनी भिवंडीच्या यंत्रमागांच्या शिफ्टा पाठ केल्या होत्या. पहिली शिफ्ट लूमवर गेलेली आणि रात्रीची घरी जाऊन झोपलेली, अशा मधल्या वेळी गाडी काढायची, म्हणजे गल्ल्या मोकळ्या मिळतात. तरीही सुताचे बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले जाडजूड रूळ लादलेली एखादी हातगाडी आडवी यायचीच. दुसरा ड्रायव्हर हॉर्न वाजवून तिला थांबवेल. दादांनी हॉर्न वाजवलेला मी ऐकला नाही. हॉर्नने बॅटरी उतरते, बॅटरी भरायला इंजिन लागतं आणि इंजिनाला पेट्रोल, असा त्यांचा हिशेब. ते खिडकीतून अर्धे बाहेर येत आणि ओरडत, "चाचा, रुकना नहीं! चलते रहो! तुम रुकेगा तो मैं रुकेगा!" हातगाडीवाले चाचा घाबरून आणखी जोरात ढकलत, आणि आमची गाडी त्यांच्यामागून वरातीतल्या घोड्यासारखी डुलत निघे.

उतार आला की इंजिन बंद. सपाटीवर आली की वेग जेवढा आहे तेवढाच, ना कमी ना जास्त. मागून एसटी येऊन भोंगा वाजवून पुढे गेली तरी दादा ढिम्म. गाडी लावायची ती सावलीत आणि तोंड उताराकडे करून. टायरमधली हवा रोज सकाळी अंगठ्याने दाबून बघायची. डिकीतला जुना जॅक, साखळदंड, बाईंच्या दिवंगत सासऱ्यांची लोखंडी पेटी, सगळं त्यांनी ओझं म्हणून उतरवलं. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. दवाखान्यातल्या वजनकाट्यावर मला उभं करून ते काटा बघत राहिले आणि म्हणाले, "कंपौंडर, गुरवारी सकाळी न्हेरी नका करू." मी चिडलो. बाई हसल्या. पुढचे कित्येक गुरुवार मी न्याहारी चोरून केली.

गुरुवार महत्त्वाचा, कारण त्या दिवशी बाईंची खेडोपाडीची फेरी असे. भिवंडीतून वज्रेश्वरीच्या रस्त्याने जायचं, वाटेतल्या गावांत थांबून बायाबापड्यांना, पोराटोरांना तपासायचं, औषधं द्यायची आणि परत यायचं. फी कुणी देत, कुणी काकड्या देत.

त्र्याहत्तर सालच्या शेवटी पेट्रोल असं काही भडकलं की भल्याभल्यांच्या गाड्या झाकून ठेवल्या गेल्या. एका संध्याकाळी बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. "आता फेरी बंद करावी लागेल," त्या म्हणाल्या. "मला परवडत नाही. गाडीही विकून टाकावी म्हणते."

दादांनी टेबल दोन्ही हातांनी धरलं. मग म्हणाले, "डाक्टरीनबाय, मना शिमग्यापत्तुर येळ द्या. गुरवारी पाच लिटरचा एक डबा द्या, बस. त्यात सगली गावा करून दावतो. एक गाव जरी राहला, तर इका गारी."

पाच लिटर! एरवी त्या फेरीला आठ लिटर लागायचं. बाईंना वाटलं, माणूस नोकरीसाठी धडपडतोय. त्यांनी हो म्हटलं. आमची फेरी त्या पत्र्याच्या डब्यावर येऊन ठेपली, ती अशी.

त्या हिवाळ्यातले गुरुवार मी जन्मात विसरणार नाही. वाऱ्याला अडथळा नको म्हणून काचा बंद. आत बाई, मी, औषधांची पेटी आणि स्पिरिटचा वास. दादा अनवाणी पायाने एक्सलेटरला असे गोंजारत, जणू दुखावलं तर ते रडेल. लहानसहान चढाच्या आधी मला उतरायला लावत. "वर भेटू," म्हणत आणि गाडी निघून जाई. मी धापा टाकत वर पोचलो की ते वेळूच्या काडीने टाकीतलं पेट्रोल मोजत असत. आणि खरं सांगतो, पाच लिटर पुरायला लागलं. चौथ्या गुरुवारी तर काडीचं टोक परत आल्यावरही ओलं होतं. बाई थक्क झाल्या. मी न्याहारी खरोखरच सोडली.

एकच गोष्ट खटकायची. फेरीतलं शेवटचं ठिकाण म्हणजे मुख्य रस्ता सोडून दीड मैल आत असलेला एक पाडा. कच्चा रस्ता, खडा चढ, मग छोटासा उतार. वीस घरं, पेशंट दोन नाहीतर तीन. दिवसभर थेंबथेंब वाचवलेलं पेट्रोल त्या दीड मैलात भसाभसा जाई. आणि तिथे पोचलं की गाडी हमखास तापायची. एका घरापुढे दादा गाडी थांबवत, बॉनेट उघडत आणि हाक देत, "पानी हाय का गारीला?"

घरातून एक तरणी सून दाराशी भरून ठेवलेली कळशी घेऊन येई. ती रेडिएटरमध्ये पाणी ओते, दादा झाकण धरून उभे राहत. पाणी अगदी बारीक धारेने पडे. एवढं सावकाश पाणी ओतताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलं नाही. दोघं खालच्या आवाजात काहीबाही बोलत. कळशी संपली की ती आत जाई आणि दादा बॉनेट लावून टाकत.

एकदा मी सहज त्या तापलेल्या बॉनेटवर हात ठेवला. सकाळच्या दह्याइतकं गार. असणारच, उतारभर इंजिन बंद होतं. मला संशय आला. पुढच्या गुरुवारी पाड्याच्या उताराआधी दादा नेहमीप्रमाणे "टायर बघतो" म्हणून उतरले आणि गाडीखाली वाकले. पाड्यात पोचल्यावर मी काहीतरी निमित्त काढून मागे चालत गेलो. धुळीत ओली रेघ होती. ते वाकले होते तिथून निघालेली, थेट त्या घराच्या अंगणापर्यंत. गडी खालचा नळ सोडून रेडिएटर रिकामा करत होता!

भिवंडीत परत आल्यावर मी त्यांना एकटं गाठलं. वाटलं होतं भांडतील. पण ते डावी चप्पल मातीत घासत राहिले.

"लेक हाय माजी. यमुना. आई गेली तवा धा वरसांची हुती, मीच वारवली. दोन सालं जाली लगीन करून."

"मग घरात जाऊन बसा ना! चहापाणी घ्या."

"कसा घेनार? लेकीला पोर हुईपत्तुर तिच्या घरचा पानी बापाला चालत न्हाय. आमच्यात तसाच हाय. आन बिनकामाचा बाप दारात जाऊन बसला तर गाव बोलतो, लेक सुखात न्हाय, म्हनून आला." मग ते म्हणाले, "गारीला कोन काय बोलनार? गारीला पानी चालतो."

मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. दिवसभर जपलेला एकेक थेंब हा माणूस त्या एका कळशीसाठी जपत होता. राहनाळच्या त्यांच्या घरी संध्याकाळी दिवा लावायलाही दुसरं कुणी नव्हतं, हे मला माहीत होतं, पण मी कधी त्याचा विचार केला नव्हता.

शिमग्याच्या आधीच्या आठवड्यात बाई मला म्हणाल्या, "भोईरांनी कमाल केली. फेरी चालू ठेवू. पण तो शेवटचा पाडा सोडून देऊ या. उगाच गाडीचे हाल. प्रत्येक वेळी तापते."

मग मात्र मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं, नळासकट. बाई कितीतरी वेळ स्टेथोस्कोपची नळी बोटाला गुंडाळत बसल्या.

त्या गुरुवारी पाड्यात गाडी थांबली, दादांनी बॉनेट उघडलं, यमुना कळशी घेऊन आली. बाई त्या घरापुढे कधी नव्हे त्या खाली उतरल्या आणि तिच्याकडे निरखून पाहू लागल्या. "इकडे ये गं. कळशी ठेव ती." त्यांनी तिचे डोळे पाहिले, नाडी पाहिली आणि तिला आत घेऊन गेल्या. दादांचा चेहरा कागदासारखा झाला. ते मला म्हणाले, "काय जाला? काय जाला तिला?" मला तरी काय माहीत!

यमुनाची सासू आधी बाहेर आली. तोंडभर हसत होती. तिच्यामागून बाई आल्या आणि दरडावून म्हणाल्या, "भोईर, ही माझी पेशंट आहे. चौथा महिना. अंगात रक्त कमी आहे. मला दर गुरुवारी हिला तपासायलाच हवं. पाच लिटर लागो नाहीतर दहा, गाडी इथे आलीच पाहिजे. आणि तो नळ यापुढे उघडायचा नाही. इंजिन जळेल माझं."

दादांनी मान खाली घातली. "पाचमदीच आनीन, बाय," एवढंच ते म्हणाले. सासू पदरात तोंड लपवून हसत होती. कळशी गुरुवारी सकाळीच भरून दाराशी कोण ठेवायचं, ते मला तेव्हा कळलं.

गाडी विकली गेली नाही. पावसाळ्यात पाड्याचा रस्ता चिखलात बुडाला, तेव्हा आम्ही खाली गाडी लावून चालत वर जायचो. बाळंतपणाला यमुना राहनाळला आली. तिला मुलगी झाली, आमच्याच दवाखान्यात, बाईंच्या हातून. दादांच्या घरात दोन महिने बाळाचं रडणं, शेकशेगडी आणि शेजारणींची वर्दळ होती. त्या दिवसांत ते कामावर यायला चक्क उशीर करायचे.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी लेकीला सासरी पोचवायचं ठरलं. मागच्या सीटवर बाई, यमुना आणि दुपट्यातली नात, पुढे मी. त्या दिवशी दादांनी मला एकाही चढाला उतरवलं नाही.

पाड्यात गाडी थांबली. सासूने बाळावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाळ आत गेलं, अंगणात गर्दी जमली. दादा गाडीपाशीच उभे राहिले. यमुना घरातून लख्ख घासलेला तांब्या घेऊन आली आणि तिने तो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी घेतला, आणि सवयीने वळून बॉनेटला हात घातला.

"बाबा," ती म्हणाली, "गारीला न्हाय. तुमाना."

दादा तांब्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो वर धरला आणि घटाघटा पाणी प्यायले. मिशांवरून, हनुवटीवरून ओघळून सदरा भिजला तरी थांबले नाहीत. तांब्या रिकामा झाला. मग त्यांनी तो रिकामा तांब्या तसाच लेकीपुढे केला, आणि ती तो पुन्हा भरून आणायला आत पळाली.