चारशे अकरा पेट्यांची एकच हाक

आमच्या नगरपालिकेत मृतांना आता रजिस्टरांत ठेवत नाहीत, पेट्यांत ठेवतात. पूर्वी माणूस वारला की त्याचा आवाज एका रजिस्टरात जायचा, सवयी दुसऱ्यात, रुसवेफुगवे तिसऱ्यात. त्याचं एक वाक्य ऐकायचं म्हटलं तरी पाच कारकुनांना आपापली रजिस्टरं घेऊन एका टेबलाशी यावं लागे, आणि पाचांतला एक रजेवर असे. आता एका माणसाची एक पेटी. तिच्यात तो सगळाच्या सगळा असतो. पेटी ठरलेल्या हाकेलाच उघडते आणि ठरलेल्या प्रश्नांनाच उत्तर देते. हाक आणि प्रश्न तेराव्या दिवशी पाचच्या आत नोंदवावे लागतात.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आरेखक दिनानाथ हिवरेकर पत्नी वारल्याच्या तेराव्या दिवशी चार वाजता आले. सोबत तिची थोरली बहीण वत्सलाताई होत्या. खिडकीत ठवकर मॅडम होत्या. वय तिशीच्या आतलं, पण कामात चोख.

"काका, हाक कोणती?"

"अगं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "ती देता येत नाही. सुरुवातीला आम्ही कुणाला नाही म्हटलं नाही, तिथंच चुकलं. आज त्या एका हाकेवर चारशे अकरा पेट्या आहेत. एकानं येऊन 'अगं' म्हटलं की चारशे अकरा बायका एकदम 'काय?' म्हणतात. मागच्या मंगळवारी खिडकीच्या काचा गेल्या."

"मग 'ऐकलंस का' लिहा."

"त्यावर तीनशे सहा आहेत."

"नाव होतं ना तिला," वत्सलाताई म्हणाल्या. "सिंधू. आमच्या आईनं ठेवलेलं."

"लग्नात मी प्रमिला ठेवलं."

"ठेवलंत. पण हाक मारलीत का कधी?"

"रेशनकार्डावर होतं," दिनानाथ म्हणाले.

मॅडमनी पेटी टेबलावर आणली. साधी, पत्र्याची, शाळेत न्यायच्या पेटीएवढी. नोंद होईपर्यंत पेटी माणसाच्या सवयीच्या हाकेलाच ओ देते. दिनानाथांनी तिच्याकडे पाहून "प्रमिला" म्हटलं. पेटी गप्प राहिली. त्यांनी पुन्हा, जरा मोठ्यानं म्हटलं. काहीच झालं नाही.

"सरका," वत्सलाताई म्हणाल्या आणि पुढे वाकल्या. "सिंधे."

"काय गं ताई?" पेटी म्हणाली.

दिनानाथांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"मावशींचं काम झालं," मॅडम म्हणाल्या. "यांची प्रत वेगळी करते. काकांची वेगळी होईल."

"एकाच माणसाच्या दोन प्रती?" दिनानाथांनी विचारलं.

"जागा भरपूर आहे, काका. शोधाशोध परवडत नाही. ज्याला जे लागतं ते त्याच्या पेटीत वरच्या वर ठेवायचं. म्हणून प्रश्न आधी विचारून घेतो. जे कुणी विचारणार नाही ते तळाशी जातं. ते नंतर कुणालाच सापडत नाही."

वत्सलाताईंनी पर्समधून चिठ्ठी काढली. तिच्यावर सव्वीस प्रश्न होते. भरल्या वांग्याचा मसाला, आईची हिरवी पैठणी कुणाकडे गेली, आणि शेवटी, धाकट्या भावाच्या लग्नात सिंधू तीन दिवस बोलली का नव्हती. मॅडमनी सगळे उतरवून घेतले.

पाचला वीस मिनिटं होती.

"हाक नसेल तर तुमची प्रत होत नाही, काका."

"दिनानाथराव, तुम्हाला काय विचारायचं ते मला सांगा," वत्सलाताई मऊ आवाजात म्हणाल्या. "मी विचारत जाईन तिला."

"ताई, ते दुसऱ्याकडून विचारण्यासारखं नाही."

मागे रांगेत चार माणसं होती. त्यांच्यातलं कुणी घाई करा म्हणालं नाही.

"एकतीस वर्षं मी हाक मारलीच नाही," शेवटी दिनानाथ म्हणाले. "'अगं' पण लोकांसमोरच म्हणायचो. घरी आलो की दारात फक्त खाकरायचो."

मॅडमनी नियमांचं पुस्तक उघडलं. दोन पानं वाचली. "हाक शब्दच असावी असं इथं कुठं म्हटलेलं नाही. ती दुसऱ्या कुणाची नसावी, एवढंच. पण तपासावं लागेल." त्यांनी मागच्या दालनाचं दार सताड उघडलं. आत चार हजारांवर पेट्या होत्या. "खाकरा, काका. नेहमीसारखं."

दिनानाथ खाकरले. अवघडून खाकरले, त्यामुळे काहीच झालं नाही. मग त्यांनी चप्पल काढली, टेबलाकडे पाठ केली, पुन्हा वळले आणि खाकरले.

"आले, आले," टेबलावरची पेटी म्हणाली. "कडी काढतेय."

दालनातली दुसरी एकही पेटी बोलली नाही. मॅडमनी अर्जावर लिहिलं : हाक, खाकरणे.

"आता प्रश्न. भराभर सांगा."

"एकच. 'काय करतेस?'"

"एकच? काका, गॅसचं कार्ड कुठं आहे, एवढं तरी घाला. सगळे घालतात."

"ते मी शोधीन."

"बाकीचं सगळं तळाशी जाईल. पुन्हा वर काढता येणार नाही."

"कळलं."

"दिवसातून किती वेळा विचाराल?"

दिनानाथांनी विचार केला. "येता-जाता."

त्या रकान्यात आकडाच लागतो. मॅडमनी 'येता-जाता' असंच लिहिलं आणि पेटी त्याप्रमाणे लावून घेतली. त्याला सात मिनिटं लागली. मग पेटी पुढे सरकवून म्हणाल्या, "पडताळून घ्या."

दिनानाथ खाकरले. "काय करतेस?"

"काही नाही. बसलेय. तुम्हीही बसा."

वत्सलाताईंनी खिडकीजवळचं स्टूल ओढून त्यांच्यामागे ठेवलं. ते बसले. ठवकर मॅडमनी अर्जावर शिक्का मारला, पेटी जराशी बाजूला घेतली आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला हाक विचारली.