श्रीमंत अच्युतरावांनी हार्ड डिस्क आणिली त्याची बखर

श्रीगणेशास नमन, शारदेस नमन, आणि खरेदीसमयी माणसाची मती फिरविणारी जी कोणी देवता असेल तीसही दुरून नमन करून लिहितो, ते स्वस्थचित्ते ऐकावे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, तिसऱ्या मजल्यावरील राज्यावर श्रीमंत अच्युतराव अधिकार करीत होते. पेशजी पाटबंधारे खात्यात अभियंता होते, आता निवृत्त जाहले होते, राज्य तीन खोल्यांचे, परंतु फोटोंचे दफ्तर अफाट; मुंजी, लग्ने, बारशी, आणि धरणापुढे खासे उभे आहेत ऐसे फोटो तर हजारोंनी; आणि सर्वांत मोलाची चीज म्हणजे कैलासवासी मातोश्रींचा आवाज, तो त्यांच्या अखेरच्या वर्षी भरून घेतला होता, त्यांत त्या आपल्या माहेरच्या गोष्टी सांगत. हे सारे एका जुन्या लॅपटॉपात कोंडले होते, आणि तो लॅपटॉप आता घरघर करू लागला, मध्येच डोळे मिटू लागला, तेव्हा श्रीमंतांस धास्ती पडली की हा गेला तर आई दुसऱ्यांदा जाईल. मग बाहेरून जोडावयाची हार्ड डिस्क आणावी ऐसा ठराव जाहला.

ठराव जाहला आणि मसलत सुरू जाहली, आणि मसलत म्हटली की श्रीमंतांस अन्न गोड लागे. जावई निखिलराव पुण्याहून व्हिडिओ कॉलवर हजर जाहले आणि बोलिले, "बाबा, एसएसडी घ्या. आत फिरणारं काही नसतं, हातातून पडली तरी सहसा काही होत नाही." शेजारचे दारव्हेकर बोलिले, "छे हो, तबकडीवाली घ्या, चौपट जागा मिळते." मग श्रीमंतांनी यूट्यूबवर परीक्षणे पाहिली, एक पंडित म्हणे ही उत्तम, दुसरा म्हणे ही अधम, आणि ग्राहकांचे अभिप्राय वाचिले तो कोणी लिहिले होते, रंग सुरेख, कोणी लिहिले होते, आठवड्यात मेली. ऐसा महिना गेला. सौभाग्यवती मृणालिनीबाई एके दिवशी मेथी निवडत बोलिल्या, "अहो, डिस्क यायची तेव्हा येईल. आईंचा आवाज तेवढा आज माझ्या मोबाइलवर टाका." श्रीमंत बोलिले, "तुकड्यातुकड्यानं कारभार होत नसतो. बंदोबस्त व्हायचा तो एकदमच होईल." अखेरीस तबकडीवाली, पाच टीबींची डिस्क मुक्रर केली, कारण एवढी जागा आपणांस शोभते. ती आली, तीस हळदकुंकू वाहिले, आणि श्रीमंतांनी सारे दफ्तर लॅपटॉपातून कट करून तीत पेस्ट केले. बाई बोलिल्या, "दोन्हीकडे असू द्या की." श्रीमंत हसून बोलिले, "दोन्हीकडे ठेवलं तर खरं कुठलं म्हणायचं?" आणि लॅपटॉप मोडीत दिला.

पुढे संक्रांत आली, तिळगूळ घ्यावयास शेजारीपाजारी जमले, तेव्हा श्रीमंतांनी डिस्क टीव्हीस जोडिली आणि धरणे दाखविण्यास आरंभ केला. मंडळी लाडू चघळीत गप्प बसली. मग सांडव्याचा फोटो आला, त्यांत आपण नेमके कोठे उभे हे बोटाने दाखवावे म्हणून खासे उठले, आणि पाय वायरीत अडकला, आणि डिस्क टेबलावरून फरशीवर आली. आतून टकटक आवाज निघाला, मग तोही थांबला. शहरातील नामांकित कारागिराकडे नेली, त्याने उघडून पाहिली आणि थोडेबहुत काढून दिले, त्यांत एका धरणाच्या दरवाजाचे चाळीस फोटो आणि अर्धी मुंज आली. मातोश्री आल्या नाहीत. श्रीमंत घरी आले, कोणाशी बोलेनात, ताट पुढे ठेविले ते तसेच राहिले.

दुसरे दिवशी बाई बोलिल्या, "आई गेल्या त्या आठवड्यात तुम्ही तो आवाज वन्संना पाठवला होता. त्यांना विचारा." वन्सं म्हणजे श्रीमंतांच्या धाकट्या भगिनी वत्सलाबाई, मिरजेस राहत, मातोश्रींचे पुरणयंत्र कोणी न्यावे यावरून भाऊबहिणींत बिघाड जाहला होता, आणि चार वर्षे बोलणे बंद होते. श्रीमंत बोलिले, "ती बोलायची नाही माझ्याशी." बाई बोलिल्या, "मग जाऊन गप्प बसा तिथं. इथंही तेच करताय."

मग खाशांची स्वारी एसटीने मिरजेस गेली. वत्सलाबाईंनी दार उघडिले, क्षणभर पाहिले, आणि बोलिल्या, "दादा, वाळलास. जेवायचं असेल अजून." जेवता जेवता श्रीमंतांनी सर्व वर्तमान सांगितले, डिस्क किती टीबींची होती तेही सांगितले, आणि मान खाली घालून बोलिले, "वच्छे, तुझ्याकडं आहे का गं?" वत्सलाबाई बोलिल्या, "माझ्याकडं आहे, मावशीकडं आहे, शैलाकडं आहे, कोल्हापूरच्या मामींकडं आहे. मला एकटीला ऐकवेना रे, म्हणून सगळ्यांना पाठवला." मग त्यांनी मोबाइल पाटाशेजारी ठेविला आणि मातोश्री बोलू लागल्या, विहिरीची गोष्ट, म्हशीची गोष्ट, आणि मध्येच म्हणाल्या, "अच्युता, ते काय धरलंयस माझ्या तोंडापुढं? ठेव खाली आणि वच्छीला हाक मार, तिलाही ऐकू दे." श्रीमंतांचा घास हातात राहिला. वत्सलाबाईंनी डोळ्यांस पदर लाविला, आणि मग भावाच्या पानात आणखी एक पोळी वाढिली.

तेथेच तह जाहला. श्रीमंतांनी निघण्याआधी मिरजेच्या बाजारात, कोणास न विचारता, समोर दिसल्या त्या दोन लहान डिस्का घेतल्या आणि दोहींत आवाज उतरविला. एक तिसऱ्या मजल्यावर, एक मिरजेस. आणि दर भाऊबीजेस खासे येऊन नवे काही असेल ते मिरजेच्या डिस्केत भरावे, ऐसे कलम ठरले. वत्सलाबाईंनी आपले एक कलम घातले, की धरणे आणू नयेत. तेही मान्य जाहले.

सारांश, हजारो धरणे बुडाली, आई राहिली, बहीण परत आली, आणि राज्यात कोणी धरणांचे सुतक धरिले नाही. एवढे लिहून दौत झाकिली.