महावृक्ष-दर्शन नियोजन समिती

झाड बघायला झाड लागते, हा अडाणी समज आहे. झाड बघायला लागते ते नियोजन. त्याच्याशिवाय बघितलेले झाड नुसतेच दिसते.

आखातातल्या डिस्कव्हरी गार्डन्स या वसाहतीतल्या पाच मराठी कुटुंबांनी हे ओळखले आणि कॅलिफोर्नियातल्या सेक्वोया वृक्षांखाली हिवाळी पदभ्रमण व तंबूवास करण्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष सूर्यकांत. निमित्त त्याचे वडील, अरुणराव. चंद्रपूरच्या जंगलात एकतीस वर्षे वनरक्षक म्हणून सागवान राखलेला हा माणूस एकदाच बोलला होता, "दहा माणसांच्या कवेत मावत नाही असं झाड असतं म्हणे. गुडघे चालतायत तोवर एकदा हात लावून यावं." मुलाने जेवता जेवता शब्द दिला. अरुणरावांची चूक एवढीच, की त्यांनी तो खरा धरला.

तेव्हापासून दर हिवाळ्यात ते तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर येतात, बॅगेत कानटोपी घेऊन. हा तिसरा हिवाळा.

समितीचे काम वाखाणण्याजोगे आहे. आजवर सभा सत्तावीस (सर्व नाश्त्यासह). एक्सेलमध्ये ओळी चारशे बारा. बर्फातले बूट आले, टायरना बांधायच्या साखळ्या आल्या. अस्वलाला मेतकुटाचा वास येतो का, यावर स्मितावहिनींच्या अध्यक्षतेखाली उपसमिती बसली. येतो, असे बहुमताने ठरले (अस्वलाचे मत घेतले नाही). म्हणून शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात गॅरेज चालवणाऱ्या रत्नागिरीच्या खैरुद्दीनकडून अस्वलाला न उघडणारी लोखंडी पेटी बनवून घेतली. वजन अडतीस किलो. विमानात तेवीसच चालतात. तिथल्या तळावर अशा पेट्या आधीच ठेवलेल्या असतात, हेही नंतर कळले. पण तोवर हिला रंग देऊन झाला होता.

पेटी पोचवायला आलेला खैरुद्दीन म्हणाला, "काका, तुम्ही बापलेक दोघंच जा ना. तिकीट काढा, यल्ला, निघा, खलास."

"तसं जाता येत नाही," अरुणराव म्हणाले. "पाच घरांच्या रजा जुळाव्या लागतात."

गेल्या शनिवारी वाळवंटात रंगीत तालीम झाली. तापमान सव्वीस. नियमानुसार सर्वांनी जाड जॅकेटे घातली. वाळूची टेकडी चढताना अरुणरावांचा उजवा गुडघा जो आखडला, तो पुन्हा सरळ झालाच नाही. घाम पुसत ते तिथेच टेकले.

"आजोबा, इट्स ओके," नात ओवी म्हणाली. "इट्स ओन्ली प्रॅक्टिस."

समितीने दुसऱ्याच दिवशी तातडीची सभा घेऊन चारशे तेरावी ओळ घातली: बर्फात चालणारी व्हीलचेअर. कार्यवाही: पुढील हिवाळा.

"बाबा, ती झाडं तीन-तीन हजार वर्षं उभी आहेत," सूर्यकांतने समजावले. "ती कुठे जातायत?"

अरुणराव बॅग भरत होते. व्हिसा गुरुवारी संपत होता. "झाडं नाही जात रे," ते म्हणाले, आणि कानटोपी बॅगेत न ठेवता अस्वलाच्या पेटीत ठेवून झाकण लावले.

समितीत जागा अजून आहेत. अर्ज नाही, शुल्क नाही. आईवडिलांना 'पुढच्या वर्षी नक्की' असे एकदा म्हटलेले असले की पुरे. सभासदांची यादी जरूर चाळून पाहा. तुमचे नाव तीत आधीच आहे, आणि सगळे जण तुमच्याच रजेसाठी थांबले आहेत.