बाथरूममधले सासरे

एन्लार्जर, म्हणजे फोटो मोठा करायचं यंत्र, नसलं तरी मोठ्या निगेटिव्हवरून फोटो छापता येतो, हे वाक्य मी जेवताना उच्चारलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. (मी जेवताना गप्प बसत नाही, ही आमच्या घरातली जुनी तक्रार आहे.)

विषय सासऱ्यांचा निघाला होता. ते गेले आणि वर्षभरात त्यांचा एकुलता एक चांगला फोटो भिंतीच्या ओलीनं खाल्ला. ट्रंकेत निगेटिव्ह तेवढी सापडली. वहीच्या पानाएवढी, आणि पानभर नुसता चेहरा. सासूबाई ती उजेडात धरत आणि म्हणत, "एवढे काळे कुठे होते हे!" फोटोवाल्याच्या यंत्रात ती बसेना, म्हणून त्यानं हात झटकले.

"सोपं आहे," मी म्हणालो. "खाली कागद, त्यावर निगेटिव्ह, त्यावर काच. दिवा लावायचा, विझवायचा. झाला फोटो!"

"तुम्हाला येतं?" सासूबाईंनी विचारलं. इतक्या आशेनं घरात माझ्याकडे तोवर कुणी पाहिलं नव्हतं. मी हो म्हणून बसलो.

रविवारी बाथरूम ताब्यात घेतली. खिडकीला काळं कापड, लाल बल्ब, फोटोच्या कागदांचं पाकीट, रसायनांसाठी बायकोचे ट्रे (ते तिनं परत मागितलेले नाहीत, नवे आणायला सांगितलेत) आणि आमच्याच लग्नाच्या फोटोची काढलेली काच. पहिला कागद काळाकुट्ट झाला. दुसराही. दिवा क्षणभरच लावायचा असतो हे कळेपर्यंत पाकिटात एकच कागद उरला.

बाहेर वाळत घातलेले कागद बघून बायको दाराबाहेरून म्हणाली, "अहो, बाबांचे हे सगळे फोटो रात्री काढलेत का?"

"उजेड जरा जास्त झाला."

"आवरा आता. आई सकाळपासून आंघोळीची थांबलीय."

शेवटचा कागद. काच नीट बसवली, तोवर घामानं चष्म्यावर वाफ धरली. तो काढून हाताशीच कुठेतरी ठेवला. दिवा लावला, विझवला, कागद खालून ओढून ट्रेमध्ये सोडला. लाल उजेडात हळूहळू केस उमटले, कपाळ उमटलं, मिशी उमटली. मला खरंच भरून आलं.

"जमलं!" मी ओरडलो आणि चष्मा शोधू लागलो. तो काचेवर होता.

फोटो धुऊन बाहेर आणला. सासऱ्यांच्या नाकावर पांढराशुभ्र चष्मा! माझाच. त्याची वाकडी झालेली डावी काडीसुद्धा हुबेहूब उतरली होती. बायकोनं कपाळाला हात लावला. सासूबाईंनी मात्र फोटो हातात घेतला.

"जन्मभर चष्मा लावला नाही यांनी," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "डॉक्टर सांगून थकले. म्हणायचे, मला सगळं स्वच्छ दिसतं."

"मी नवे कागद आणतो, पुन्हा छापतो," मी घाईघाईनं म्हणालो.

"नको, जावईबापू. हाच राहू दे. छान दिसतायत." त्यांनी फोटो छातीशी धरला, मग माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "फक्त तुम्हाला बघायला आले होते ना, त्या दिवशी लावायला हवा होता."