आधी एकमत, मग वणवा

एका जंगलात (कुठल्या ते विचारू नका मुलांनो, तिथले सगळे अधिकारी अजून नोकरीत आहेत) एक वणवा-विभाग होता.

विभागाचं काम सोपं होतं. उन्हाळा लागायच्या आत डोंगराच्या धारेवरचा पाचोळा झाडून काढायचा आणि लांबच लांब उघडा पट्टा तयार करायचा. खालून आग चढत आली, की त्या पट्ट्यापाशी तिला खायला काही मिळत नाही. ती तिथेच विझते. याला जाळरेषा म्हणतात. आग अडाणी असते, तिला एवढंच पुरतं.

विभागाची प्रमुख होती सावळी नावाची भेकरीण. भेकर म्हणजे लहानसं हरीण, पण घाबरलं की कुत्र्यासारखं भुंकतं. सावळीचे वरिष्ठ होते वाघमहाराज. हरणाचा वरिष्ठ वाघ असला, की कार्यालयात शिस्त फार छान राहते.

सावळीच्या हाताखाली तिघं होती. तुरेराव नावाचे रानकोंबडे पायांनी पाचोळा उकरायचे. मधोबा अस्वल आडवी पडलेली वाळकी लाकडं ओढून काढायचा. आणि येसूआक्का घोरपड जीभ बाहेर काढून हवा चाखायची आणि धूर कुठून येतोय ते सांगायची.

पूर्वी सगळी वडाखाली जमायची. तेच कार्यालय. मग एका वर्षी जंगलात खरजेची साथ आली. महाराजांनी हुकूम काढला, की ज्याने त्याने आपापल्या बिळात बसून काम करावं. निरोपांसाठी प्रत्येकाला एकेक मैना मिळाली. वडाखाली कुणी बोललं, की मैना उडत जायची, बिळाच्या तोंडाशी बसायची आणि तेच बोलणं त्याच आवाजात म्हणून दाखवायची. अर्धा दिवस "आवाज येतोय का? आवाज येतोय का?" यातच जायचा. मैना नको असेल तेव्हा तिच्या चोचीत बोर कोंबायचं, म्हणजे ती गप्प. नंतर बोर काढायला पुष्कळ जण विसरायचे आणि कुणालाही न ऐकू येणारी मोठमोठी भाषणं करायचे. जंगलाचा त्यात काही तोटा झाला नाही.

साथ गेली, मैना राहिल्या. महाराजांनी नवा हुकूम काढला. कुणी वडाखाली यावं, कुणी बिळातून करावं, याला मिश्र पद्धत म्हणावं आणि सर्वांनी आनंदात राहावं.

आनंद सोडून बाकी सगळं झालं.

तुरेराव रोज पहाटे वडाखाली हजर. सावळी दिसली की सुरू व्हायचे, "मॅडम, मी एकटाच खुळा आहे का? बाकीचे घरी लोळतायत."

मधोबाची मैना येऊन म्हणायची, "रात्रभर लाकडं ओढून मी जरा आडवा होतो, आणि तेवढ्यात माझ्या कानाशी आरवतं कोण?"

येसूआक्काचं उत्तर ठरलेलं होतं. ती निरोप ऐकायची आणि मैनेच्या चोचीत बोर कोंबायची.

शेवटी तिघं एकमेकांशी बोलेनाशी झाली. धारेवर पाचोळा साचत चालला.

महाराजांनी सावळीला बोलावलं. "यांचं एकमत कर," ते म्हणाले. "एकत्र काम कसं करायचं ते ठरवून टाका. उन्हाळ्याच्या आत." आणि त्यांनी जांभई दिली. वाघाची जांभई इतक्या जवळून पाहिल्यावर हरणाला मुदत वेगळी सांगावी लागत नाही.

आता एक शहाणी प्रमुख काय करेल? समिती नेमेल. सावळी तेवढी शहाणी नव्हती. ती उठली आणि एकेकाकडे चालत गेली.

आधी ती येसूआक्काच्या कपारीपाशी गेली. सकाळ होती. आक्का दगडावर काठीसारखी ताठ पडलेली होती.

"आक्का, वडाखाली येत का नाही तुम्ही? राग आलाय का?"

"राग कसला गं," आक्का हळूहळू म्हणाली. "मला ऊन लागल्याशिवाय हलताच येत नाही. थंडीत पाय उचलत नाहीत माझे. दुपारी सांग, डोंगर चढून येते. पण तो कोंबडा पहाटे हजेरी घेतो, आणि मी आळशी ठरते."

"मग हे सांगितलं का नाही कधी?"

"विचारलं कुणी?"

सावळी खाली मान घालून तिथून निघाली. प्रमुख होऊन तिला बरेच उन्हाळे झाले होते.

मधोबा गुहेत डोळे चोळत होता. त्याचं म्हणणं सोपं होतं. "अंगावर एवढी लोकर घेऊन उन्हात लाकडं ओढून दाखव, म्हणजे कळेल. मी रात्रीच करणार. पण ओढलेली लाकडं तुरेरावांना सकाळी दिसतात, मी दिसत नाही. त्यांना वाटतं, ती आपोआप सरकली."

सगळ्यात शेवटी ती तुरेरावांकडे गेली. त्यांनी आधी तुरा ताठ केला, कर्तव्यावर थोडं बोलून झालं, आणि मग एकदम त्यांचा आवाज खाली आला.

"वडाखाली मी एकटा दिसतो मॅडम. त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक जण मलाच काम सांगतो. परवा महाराजांच्या मेहुण्यांची पाठ खाजवून दिली. वणवा-विभागात हे येतं का?" त्यांचा तुरा एका बाजूला कलला. "आणि खरं सांगू का, फार एकटं वाटतं हो. मी ओरडतो ते कुणी तरी उत्तर द्यावं म्हणून."

सावळीने तिघांना दुपार कलताना धारेवर बोलावलं. तेव्हा आक्काला ऊब आलेली असते, मधोबा उठलेला असतो आणि तुरेराव अजून झोपायला गेलेले नसतात. मैनांना सुट्टी दिली.

तिघं आली. सुरुवातीला कुणीच कुणाकडे बघेना. मग तुरेरावांनी सवयीने पाचोळा उकरायला घेतला. एक लाकूड आड आलं, मधोबाने ते बाजूला केलं. तुरेराव बघतच राहिले. "हे तुम्ही काढता होय?"

"मग काय, तुमचा मेहुणा काढतो?"

आक्का हसली. घोरपड हसते हे विभागात कुणाला माहीत नव्हतं.

काम करता करताच बोलणं झालं. रोज दिवस कलताना सगळ्यांनी धारेवर यायचं. बाकीचा वेळ ज्याने त्याने आपल्या सोयीने काम करायचं. पहाटे मधोबाच्या गुहेकडे तोंड करून आरवायचं नाही. आणि धूर दिसला तर जो पहिला बघेल त्याने बोंब मारायची. संपलं. अंधार पडेपर्यंत पट्टा चांगला पश्चिमेच्या कड्यापर्यंत साफ झाला होता. सावळी घरी जाताना उगाचच दोन उड्या जास्त मारत गेली.

दुसऱ्या दिवशी तिने महाराजांना सांगितलं, "ठरलं, महाराज."

"काय ठरलं?"

तिने सांगितलं. सांगायला काही वेळच लागला नाही, आणि तिथेच तिची चूक झाली.

"एवढंच?" महाराजांच्या कपाळावर आठी पडली. "इतक्या लवकर? कुणी तज्ज्ञ होता का?"

"नाही महाराज. आम्हीच बोललो."

"आपापसात?" महाराजांना हे अगदीच गावठी वाटलं. "शेजारच्या जंगलात असल्या कामाला सबंध वर्ष लागलं. तिकडे डॉक्टर धनेश आले होते. आपल्याकडे काय कमी आहे?"

मग डॉक्टर धनेश आले. हा पक्षी तुम्ही पाहिला असेल. त्याची चोच मोठी असते आणि चोचीवर आणखी एक चोच असावी तसं काहीतरी असतं. ते पोकळ असतं, पण त्यातून आवाज फार भारदस्त येतो. डॉक्टरांच्या मुक्कामासाठी जंगलातली सगळ्यात गोड फळांची उंबरं राखून ठेवली गेली.

डॉक्टरांनी पहिली गोष्ट सांगितली. जोवर काम कसं करायचं यावर एकमत होत नाही, तोवर काम करायचं नाही. "नाहीतर चुकीच्या सवयी लागतात," ते म्हणाले.

झाडलोट थांबली.

दुसरी गोष्ट, बैठक रोज पहाटे. डॉक्टरांना त्याच वेळी मोकळीक होती, नंतर उंबरं असायची.

त्यामुळे पहाटे वडाखाली तुरेराव आणि सावळी. आक्का आपल्या दगडावर थिजलेली, मैनेमार्फत हजर. मधोबा गुहेत घोरत. त्याने मात्र आपल्या मैनेला एक वाक्य शिकवून ठेवलं होतं, "अगदी बरोबर बोललात."

"आज प्रत्येकाने सांगायचं," डॉक्टर म्हणाले, "की आपण झाड असतो तर कुठलं असतो."

तुरेराव गोंधळले. "कशासाठी?"

"मोकळं होण्यासाठी."

"मी मोकळाच होतो साहेब. मी रोज पाचोळा उकरायचो."

"अगदी बरोबर बोललात," मधोबाची मैना म्हणाली.

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "पाहा! दूर असूनही मधोबा किती मनापासून सहभागी आहेत."

अशा बैठका होत राहिल्या. संहिता तयार होऊ लागली. समन्वय-संहिता. त्यात ठरलं, की वडाखालच्यांनी बिळातल्यांना कमी लेखू नये, आणि बिळातल्यांनी वडाखालच्यांना कमी लेखू नये. कुणीही कुणाला अवेळी हाक मारू नये. निरोप आधी मैनेला द्यावा, मैनेने तो डॉक्टरांना द्यावा, डॉक्टरांनी तो सुसंवादी करून पुढे पाठवावा. भुंकणं, आरवणं आणि बोंब मारणं ही जुन्या संस्कृतीची लक्षणं म्हणून बंद झाली.

सावळीला हे सगळं कळत होतं. रोज ती धारेकडे बघायची. पळस फुलले, पानं गळली, उघड्या पट्ट्यापुढे पूर्वेला पाचोळा गुडघाभर साचला. एकदा ती धीर करून महाराजांकडे गेलीही.

"महाराज, एवढा पट्टा पुरा करू द्या. मग संहिता."

महाराज नुकतेच जेवून उठले होते. जे जेवले होते ते तिच्या लांबच्या नात्यातलं होतं. "तुला एकमत नको आहे का?" त्यांनी प्रेमाने विचारलं.

"हवंय महाराज," सावळी म्हणाली. घरी येऊन तिला स्वतःचा इतका राग आला, की तिने गवताला तोंड लावलं नाही.

मग एका पहाटे खालच्या वाटेने जाणाऱ्या कुणा माणसाने पेटती विडी टाकली.

वडाखाली त्या वेळी 'तातडी म्हणजे काय' या विषयावर बैठक चालू होती. डॉक्टरांचं म्हणणं होतं, की तातडी ही प्रत्येकाच्या मनात असते. तेवढ्यात आक्काची मैना आली. "धूर," ती आक्काच्या आवाजात म्हणाली. "पूर्वेकडून. जवळ आहे."

"हा विषय आजच्या बैठकीत नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि शब्द जरा टोकाचे वाटतात. आपण त्याला 'हवेतला बदल' म्हणू या का?"

"अगदी बरोबर बोललात," दुसरी मैना म्हणाली.

सावळीने मान वर केली. आता धूर तिलाही येत होता. तिने तुरेरावांकडे पाहिलं. तुरेराव तिच्याकडेच बघत होते. तिला महाराजांचे दात आठवले. मग थंडीत दगडाला चिकटलेले आक्काचे पाय आठवले.

ती भुंकली.

असं भुंकली, की वडावरची वटवाघळं खाली पडली. डॉक्टर म्हणाले, "सावळीबाई, संहिता!" पण तोवर तुरेराव मधोबाच्या गुहेकडे तोंड करून गळा फाटेपर्यंत आरवत होते. मधोबा उठला, एक शिवी दिली, धूर हुंगला आणि धावला. धारेकडे नाही, आधी कपारीकडे. आक्काला हलता येत नव्हतं. त्याने तिला मानेवर टाकलं, तिने लोकरीत नख्या रुतवल्या.

"दुखतंय का रे?"

"नंतर सांगतो!"

धारेवर चौघं भिडली. आक्का मधोबाच्या मानेवरून सांगत होती, "डावीकडे! वारा फिरला, डावीकडे!" तुरेरावांचे पाय सोलून निघाले. सावळी शिंगं नसलेल्या कपाळाने फांद्या ढकलत होती. कोण कार्यालयात आहे आणि कोण घरी, हे कुणी विचारलं नाही.

पश्चिमेच्या उघड्या पट्ट्याशी आग आली आणि विझली. पूर्वेला मात्र गुडघाभर पाचोळा होता. तिथे चौघं कमी पडली. आग धार ओलांडून आली आणि आक्काची कपार, वड आणि उंबरांची राई खाऊन गेली. अर्धं जंगल वाचलं. अर्धं नाही.

आग विझल्यावर चौकशी झाली. महाराज राखेत बसवत नाही म्हणून उभ्यानेच न्याय करत होते.

डॉक्टर धनेश धूर दिसताच सगळ्यांत आधी उडाले होते. त्यामुळे त्यांना सगळं वरून नीट दिसलं होतं. ते म्हणाले, "जे वाचलं, ते संहितेच्या भावनेमुळे वाचलं. जे जळलं, ते संहिता मोडल्यामुळे. सावळीबाई अवेळी भुंकल्या. तुरेराव आरवले. मधोबा निमंत्रण नसताना आले. आदल्या बैठकांत त्यांचं वागणं किती समंजस होतं!"

"पण पट्टा..." सावळी म्हणाली.

"पाहा," डॉक्टर दुःखाने म्हणाले, "अजूनही मध्येच बोलतात."

महाराजांनी मान डोलावली. डॉक्टरांना कायम नेमणूक मिळाली आणि वाचलेल्या अर्ध्या जंगलातली उंबरं मिळाली. सावळीला सुसंवादाच्या प्रशिक्षणाला पाठवलं. ते पहाटे असतं.

आक्का आता मधोबाच्या गुहेच्या तोंडाशी राहते, तिथे ऊन चांगलं येतं. आणि दुपार कलली, की चौघं हळूच धारेवर जातात, पाचोळा झाडतात, एकमेकांची थट्टा करतात आणि अंधार पडायच्या आत परततात. कार्यालयात या वेळेची नोंद रजा म्हणून होते.

तात्पर्य: मुलांनो, चौघांनी मिळून काम कसं करावं, हे त्या चौघांना कधीही विचारू नये. ते लगेच सांगतात, आणि मग बाकीच्या सगळ्यांना काही कामच उरत नाही.