सुईचे नेढे

एका जंगलात, मुलांनो, एक ख्रिस्ती मंडळी होती. बेहड्याच्या झाडाखाली दर रविवारी तिची उपासना भरायची. पाळक होते बगळेसाहेब. पांढरा झगा त्यांना जन्मतःच मिळालेला, त्यामुळे मंडळीचा शिलाईचा खर्च वाचला होता.

या मंडळीत शलमोनराव अस्वल म्हणून एक बडे सभासद होते. जंगलातले मधाचे एकूण एक झाड त्यांच्या मालकीचे. स्वभावाने मात्र गरीब, आणि तेवढीच काय ती त्यांच्याकडे गरिबी. त्यांनी कधी खोटी साक्ष दिली नव्हती, आईवडिलांचा शब्द मोडला नव्हता, चोरी केली नव्हती. चोरीबाबत मधमाश्यांचे मत वेगळे होते, पण त्या मंडळीच्या सभासद नव्हत्या.

एका रविवारी बगळेसाहेबांनी शुभवर्तमानातली श्रीमंत तरुणाची हकिगत वाचली. येशूने त्याला सांगितले होते की असेल नसेल ते गोरगरिबांना देऊन टाक आणि माझ्यामागे चल. तो तरुण तोंड पाडून निघून गेला. तेव्हा येशू म्हणाला, उंट एक वेळ सुईच्या नेढ्यातून जाईल, पण श्रीमंताला देवाच्या राज्यात शिरणे कठीण.

शलमोनरावांच्या काळजात लक्क झाले. हे वचन त्यांनी लहानपणापासून ऐकले होते, पण तेव्हा त्यांच्याकडे मध नव्हता. त्या दिवशी त्यांना जेवण गेले नाही. येशू त्यांना मनापासून आवडायचा. त्याच्यामागे जावे असे फार वाटायचे. मधही मनापासून आवडायचा. एका काळजात दोघांची दाटी होऊ लागली होती.

शेजारी रूथ माकडीण राहायची. नवरा गेल्यापासून तिच्या घरी चूल पेटली तर पेटली. शलमोनराव सोमवारी सकाळी तिच्या दारात एक अख्खे पोळे ठेवून आले. पोरांनी कानांपर्यंत तोंडे माखून घेतली. धाकटीने तर शलमोनरावांच्या पायाला मिठी मारली ती सोडवेना. परतताना शलमोनराव चक्क भजन गुणगुणत होते. इतके हलके त्यांना आयुष्यात कधी वाटले नव्हते. सगळेच वाटून टाकायचे आणि येशूमागे निघायचे, असे त्यांनी तिथल्या तिथे ठरवले. रूथला तसा शब्दही देऊन टाकला.

बातमी पंचांपर्यंत गेली. पंच म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे थोर लोक. त्यांनी लगेच बैठक बोलावली. आज अस्वलाने मध वाटला, तर उद्या लोक कोल्ह्याच्या कोंबड्यांकडे बघणार, परवा उंदराच्या कोठाराकडे. शिवाय मंडळी बांधत असलेल्या देवळाचे छप्पर शलमोनरावांच्याच देणगीतून व्हायचे होते. बगळेसाहेब एका पायावर उभे होते, ते दुसऱ्या पायावर उभे राहिले.

पंचांचे चिटणीस होते इलियाजर कोल्हे. त्यांनी घसा साफ केला आणि विचारले, "सुईचं नेढं केवढं असतं, हे इथं कुणी डोळ्यांनी पाहिलंय का?"

कुणीच पाहिले नव्हते. जंगलात कपडे घालतो कोण? शिंपी पक्ष्याला बोलावून आणले. तो म्हणाला, आपण चोचीने शिवतो, सुई हा काय प्रकार आहे ठाऊक नाही.

"पण नेढं आपण सगळ्यांनी पाहिलंय," कोल्हे म्हणाले, आणि त्यांनी समोरच्या सुळक्याकडे बोट केले.

सुळक्याच्या पोटात वाऱ्याने आरपार भोक पाडले होते. डोंगराच्या अशा भोकाला आपल्याकडे नेढेच म्हणतात, मुलांनो. सुळका टोकदार होता, सुईही टोकदार असते असे म्हणतात, तेव्हा आजपासून सुळक्याला सुई म्हणावे, असा ठराव एकमताने मंजूर झाला. राहता राहिला उंट. म्हातारा झाला म्हणून मेंढपाळांच्या तांड्याने एक उंट जंगलाच्या कडेला सोडून दिला होता. बाभळीच्या शेंगा देऊ म्हटल्यावर तो तयार झाला.

पुढच्या रविवारी उपासना आटोपून सगळी मंडळी गीते गात डोंगर चढली. शलमोनराव सर्वांत मागे होते. उंट नेढ्याशी पोचला तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात प्रार्थना केली, प्रभू, एवढा उंट अडकू दे.

उंट अडकला नाही. पाठीवरच्या मदारीला दगडसुद्धा न घासता आरामात पलीकडे गेला. टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांनी शलमोनरावांचे हात हातात घेतले. आता तुमचा प्रवेश पक्का, मध खुशाल ठेवा, असे बगळेसाहेबांनी त्यांना समजावले. शलमोनरावांना हायसे वाटले, आणि हायसे वाटल्याची लाजही वाटली.

"झालं काम, परत ये," कोल्ह्यांनी उंटाला हाक मारली.

पलीकडून उंट म्हणाला, "इकडे वाट आहे. पुढे एक जण चाललाय. मागे वळून बघतोय, कुणी येतंय का म्हणून."

 शलमोनराव धडपडत वर गेले आणि त्यांनी नेढ्यातून पाहिले. खरेच कुणीतरी होते. अंगावर धुळकट कपडे, पायात काही नाही. तो थांबला होता, आणि थेट त्यांच्याकडेच बघत होता.

"तू जाणार?" त्यांनी उंटाला विचारले.

"जातो की. तिकडे माझं काय राहिलंय?"

उंट निघाला. नेढे शलमोनरावांसमोर सताड उघडे होते. ते दोघांकडे बघत राहिले. एक पाऊल त्यांनी उचललेही. मग मागे वळून खालच्या रानाकडे, आपल्या झाडांकडे पाहिले, आणि ते पाऊल होते तिथेच ठेवले.

"दुपार व्हायला आली," ते पुटपुटले. "मधाची पोळी उघडी पडलीत."

ते डोंगर उतरून घरी गेले. जाताना रूथच्या झाडाची वाट त्यांनी टाळली. त्या दिवशी ते फार रडले, आणि रडून झाल्यावर त्यांनी झाडांभोवती काट्यांचे कुंपण घातले.

तात्पर्य : वचन जड वाटले तर आपले ओझे उतरवू नये, सुई मोठी करावी. उंट मात्र परत येणारा निवडावा.